प्रकल्प नोंदी : माघ वद्य द्वितीया, सौम्यवासर

३ जून २०२५

आत्याने अखेर रुमाल सोडू दिला. कागदांच्या गाठोड्याला रुमाल म्हणतात हे मला आधी माहीत नव्हतं. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे असे हजारो रुमाल आहेत. आमच्याकडे एकच आहे, विटलेल्या तांबड्या खारव्याचा.

आत एकूण एकतीस कागद निघाले. बहुतेक शेतसाऱ्याच्या पावत्या. लग्नासंबंधी तीनच : मोडीत लिहिलेली एक यादी, १९३०च्या आसपासची छापील लग्नपत्रिका आणि वहीच्या जोडपानावर कोणीतरी शाईने काढलेली वंशावळ.

काम सुरू करण्यामागे एकच प्रश्न आहे. वंशावळीत पणजोबांच्या नावापुढे पत्नी म्हणून एक नाव आहे, तर माळ्यावरच्या तांब्याच्या घंगाळावर दुसरंच कोरलेलं आहे. घरात उत्तर ठरलेलं : एक माहेरचं, एक सासरचं. लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत होतीच. ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवं नाव लिहायचं, की जुनं नाव उंबऱ्याबाहेर राहिलं. त्यामुळे उत्तर पटण्यासारखं आहे. पण ते कोणी कधी तपासलेलं नाही.

घरातली माणसं हयात आहेत, म्हणून या नोंदींत नावं लिहिणार नाही. घंगाळावरचं नाव नदीचं आहे आणि वंशावळीतलं फुलाचं. तेवढ्यावर काम भागेल.

७ जून

यादी वाचायला बसले. मोडीचा वर्ग करून दोन वर्षं झाली, पण वर्गातली छापील अक्षरं वेगळी आणि घाईत बोरूने ओढलेला खरा कागद वेगळा. मोडीत आधी पानभर आडवी ओळ आखून घेतात आणि मग हात न उचलता तिच्याखाली अक्षरं लोंबवत नेतात. शब्द कुठे तुटतो ते डोळ्याने ठरवायचं. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. एकाच कागदात र चार तऱ्हांचा सापडतो.

माथ्यावर ‘श्री’, त्याखाली कुंकवाचं बोट. बोटाच्या रेषा अजून दिसतात. मग ‘याद लग्नाची’. आज आपण ‘यादी पे शादी’ सहज म्हणून जातो, पण तेव्हा यादी म्हणजे दोन्हीकडचा करार असे. कोणी काय घालायचं, कोणाला काय द्यायचं, मानकऱ्यांना किती पागोटी, विहिणीला कोणतं लुगडं, सगळं बोलून लिहून घ्यायचे आणि खाली दोघा व्याह्यांच्या सह्या किंवा निशाण्या.

इथे वराकडून सही करणारी बाई आहे. ‘गं. भा.’ म्हणजे गंगाभागीरथी, विधवा. पणजोबांची आई. वडील आधीच गेलेले असावेत.

मुलीकडच्या नावांत आज ठेचकाळले ती ‘बिन’ आणि ‘कोम’ या शब्दांवर. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा, कोम म्हणजे अमक्याची बायको. जुन्या सरकारी कागदांत बाईची ओळख बहुधा अशीच सापडते : आधी तिचं नाव, मग कोम, मग नवरा. काही ठिकाणी कोमऐवजी ‘भ्रतार’ लिहितात. माझ्या हातून कोमचं ‘काम’ वाचलं गेलं आणि अर्धा तास वाक्य लागेना.

वधूचं नाव मात्र स्वच्छ आहे. फुलाचंच. लग्नाआधीच्या कागदात फुलाचं नाव आलं म्हणजे ते माहेरचं आणि घंगाळावरचं नदीचं सासरचं. घरातल्या उत्तराला दुजोरा.

९ जून

आज तारीख लावली. घडी नेमकी तारखेच्या ओळीवरून गेली आहे आणि घडीवर शाई उडाली आहे. वाचता येतं ते असं :

‘शके १८२(?) प्लव(—)नाम संवत्सरे माघ व॥ २ सौम्यवासरे गत घटी २९’

शेवटचा आकडा ३ किंवा ९. वरचा गोलवा शिल्लक आहे, खालचं शेपूट गेलेलं. पण संवत्सराचं नाव हाताशी असलं की आकडा पडताळता येतो. संवत्सरं साठ, क्रमाने फिरणारी. शकाच्या आकड्यात १२ मिळवायचे, ६०ने भागायचं, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. १८२३ अधिक १२ म्हणजे १८३५. बाकी ३५. पस्तिसावं संवत्सर प्लव. जुळलं.

आता इसवी सन. शकात ७८ मिळवायचे हे सगळ्यांना पाठ असतं, आणि तिथेच वंशावळी चुकतात. शक चैत्रात बदलतो, इसवी सन जानेवारीत. लग्न माघातलं असेल तर ७९ मिळवावे लागतात. म्हणून १९०१ नाही, १९०२.

जंत्रीत, म्हणजे तिथी-तारखांच्या कोष्टकात, पाहिलं. शके १८२३ची माघ वद्य द्वितीया २४ फेब्रुवारी १९०२ रोजी येते आणि त्या दिवशी सोमवार होता. कागदावर सौम्यवासर. आकडा, संवत्सर, वार, तिन्ही एका रेषेत आले.

गत घटी २९चंही गणित केलं. सूर्योदयापासून मोजायचं, एक घटी म्हणजे २४ मिनिटं. एकोणतीस घटी म्हणजे ११ तास ३६ मिनिटं. फेब्रुवारीत सात वाजता सूर्य उगवतो असं धरलं तर संध्याकाळचे साडेसहा होऊन गेलेले. गोरज मुहूर्त. गुरं घरी परतत असताना लागलेलं लग्न.

वहीत लिहिलं : विवाह २४ फेब्रुवारी १९०२.

१६ जून

घंगाळ खाली काढून चिंचेने घासलं. काठाखाली नदीचं नाव, त्यामागे ‘सौ.’ आणि पुढे ‘वैशाख शके १८२१’. वैशाख १८२१ म्हणजे १८९९चा उन्हाळा.

लग्नाच्या पावणेतीन वर्षं आधी ‘सौ.’ कशी?

मनात आलेली उत्तरं : कोरणाऱ्याने आकडा चुकवला, शेवटचा १ हा खरं तर दुसराच आकडा असावा, भांडं आधीचं असून नाव मागाहून कोरलं. पहिलं उत्तर तर कोणत्याही नावडत्या पुराव्याला लावता येतं. घणाचे ठिपके बोटाने मोजले. एकाचा दांडा सरळ आहे, दुसऱ्या आकड्याला लागणारी खाच कुठेच नाही. नोंद उघडी ठेवते.

२१ जून

वंशावळीचं जोडपान स्कॅन केलं. सगळ्या मुलींच्या चौकटी रिकाम्या, फक्त ‘कन्या’ आणि आकडा.

२९ जून

घंगाळ पुढे सरकत नाही म्हणून छापील पत्रिका घेतली. हिच्यातलं कोडं वेगळं होतं. आजोबांच्या दोन धाकट्या बहिणींची लग्नं एकाच दिवशी, एकाच मांडवात, दोन वेगळ्या घरी. आत्याकडून कळलेल्या जन्मसालांप्रमाणे एक तेरा वर्षांची आणि दुसरी दहाची. तोवर या घरात थोरलीचं झाल्याखेरीज धाकटीचा विचार होत नसे. मग दोघींचं एकदम का?

पत्रिकेवर ‘शके १८५१ शुक्लनाम संवत्सरे, फाल्गुन’. १८५१ अधिक १२, भागिले ६०, बाकी ३, तिसरं संवत्सर शुक्ल. त्या वर्षीचा फाल्गुन जवळजवळ सगळाच्या सगळा मार्च १९३०मध्ये येतो. मार्च १९३० लिहिलं आणि कोडं तिथेच सुटलं.

१ एप्रिल १९३०पासून शारदा कायदा लागू होणार होता. हरबिलास सारडा यांनी मांडलेला बालविवाह प्रतिबंधाचा कायदा १९२९ साली मंजूर झाला : मुलीचं वय किमान १४, मुलाचं १८. लग्न झालं तर ते रद्द होत नसे, पण लावून देणाऱ्यांना कैद किंवा दंड होता. मंजुरी आणि अंमल यांच्या मधल्या महिन्यांत देशभर लग्नांची झुंबड उडाली. १९३१च्या जनगणना अहवालानेही तिची दखल घेतली आहे. आमच्या घराने शेवटचा महिना गाठला.

दहा वर्षांची ती मुलगी पुढे नव्वदी पार करून गेली. मी लहानपणी तिच्या मांडीवर बसले आहे. तिच्या लग्नाच्या गोष्टीत दोघी बहिणींना एकसारखी खणाची परकर-चोळी शिवली होती एवढंच असायचं. घाई कशाची होती हे तिला कोणी सांगितलं असेल असं वाटत नाही.

१२ जुलै

तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात दिवस घालवला. गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. पानं ठिसूळ झालेली, कडा हात लावताच झडतात. तिथल्या कारकून बाईंनी स्वतःहून खाली पांढरा कागद अंथरून दिला.

पाहायला गेले होते आजोबांचा जन्म. तो सापडला, १९१४. पण सवयीने मागची पानंही चाळली आणि १९०५मध्ये पणजोबांच्या नावापुढे एक नोंद दिसली : ‘मुलगी’. पुढे नाव नाही.

ही माईआजी. आजोबांची थोरली बहीण. तिच्याबद्दल घरात दोनच गोष्टी माहीत आहेत : ती आजोबांहून बरीच मोठी होती आणि ती मामाकडे वाढली. का वाढली हे मी तरी कधी विचारलं नव्हतं.

घरी येऊन आत्याला फोन केला. विचारलं, पणजी गेली तेव्हा किती वर्षांची होती? आत्या म्हणाली, “आजी गेली सदुसष्ट साली. सत्तरीच्या आतबाहेर असेल. का गं?”

म्हणजे पणजीचा जन्म १८९७च्या सुमाराचा. १९०५मध्ये ती आठ वर्षांची.

आठ वर्षांच्या मुलीला मूल होत नाही. १९०२चं लग्न एक वेळ मान्य केलं, पाच वर्षांच्या मुलींचीही लग्नं लागत. पण १९०५चं बाळ तिचं असूच शकत नाही. ९ जूनला तिन्ही गोष्टी एका रेषेत आल्या म्हणून मी वही मिटली होती. त्यातली निदान एक चुकीची आहे.

१४ जुलै

मोडीच्या सरांकडे गेले. यादीचा फोटो मोठा करून दाखवला आणि माझं वाचन पुढे ठेवलं. त्यांनी आकड्याकडे पाहिलंच नाही. म्हणाले, “ताई, सौम्यवासर म्हणजे कोणता वार धरलात?”

“सोमवार.”

“सोमवार म्हणजे इंदुवासर. सोमाचा मुलगा तो सौम्य. बुध. सौम्यवासर म्हणजे बुधवार.”

मग त्यांनीच क्रम म्हणून दाखवला : भानुवासर, इंदुवासर, भौमवासर, सौम्यवासर, गुरुवासर, भृगुवासर, मंदवासर. रवि ते शनि. जुन्या पत्रांत हीच नावं सर्रास येतात. सौम्य आणि सोम कानाला इतके जवळचे वाटतात की नवशिक्यांपैकी निम्मे तरी इथे फसतात, असं ते म्हणाले. मला धीर द्यायला म्हणाले असतील, पण मी ते लिहून घेतलं. ज्या चुकीवर दोन तारखा लोंबकळतात ती पुढच्या माणसाला दिसली पाहिजे.

बुधवार धरला की १९०२ गेलं. मग आकडा ९ धरून पाहिला. शके १८२९. अधिक १२ म्हणजे १८४१. बाकी ४१. एकेचाळिसावं संवत्सर प्लवंग.

पस्तिसावं प्लव, एकेचाळिसावं प्लवंग. सहा वर्षांच्या अंतराने दोन नावं, पहिली अक्षरं तीच. आणि घडी गेली आहे बरोबर ‘प्लव’च्या पुढून. ‘प्लव’ आणि ‘नाम’ यांच्या मधली मोकळी जागा मी कागदाची इजा समजले होते. सरांनी भिंग दिलं. घडीच्या खालच्या अंगाला एक काना उरला आहे, नखाच्या टोकाएवढा. ‘ग’चा काना.

शके १८२९, माघ वद्य द्वितीया : १९ फेब्रुवारी १९०८. जंत्रीत बुधवार.

चुकीचं वर्ष, चुकीच्या वाचनाचं संवत्सर आणि चुकीच्या अर्थाचा वार, असे तिन्ही एकमेकांशी जुळले होते. असं होऊ शकतं यावर मी महिन्यापूर्वी विश्वास ठेवला नसता.

फुलाच्या नावाच्या मुलीचं लग्न फेब्रुवारी १९०८मध्ये झालं. तेव्हा ती अकराच्या आसपास. नवऱ्याची मुलगी दोन-तीन वर्षांची. दोन नावं दोन बायकांची आहेत.

२० जुलै

यादी पुन्हा पहिल्यापासून, या वेळी काय शोधायचं ते माहीत असताना.

पहिली गोष्ट माझ्या आधीच्या नकलेतच होती : ‘हुंडा नाही’. तेव्हा मी समासात कौतुकाने ‘सुधारक?’ असं लिहिलं होतं. वर बिजवर होता, आधी मुलगी असलेला. दुसरेपणावर मुलगी द्यायची तर हुंडा कोण मागणार?

दुसरी दागिन्यांच्या ओळीत. वराकडून घालायचे जिन्नस : नथ, पाटल्या, गोट आणि मी वाचलेलं ‘टीक १’. टीक हा गळ्यातला दागिना, तिथे शोभणारा. पण ओळीतले बाकी सगळे जिन्नस सोन्याचे, त्यांच्यापुढे तोळे आणि मासे आहेत. या एकापुढे ‘रुपे’ आहे. चांदीची टीक मी कधी ऐकली नव्हती. सरांना फोटो पाठवला. संध्याकाळी उत्तर आलं : “वेलांटी नाही, काना आहे. टाक.”

टाक १. रुप्याचा. सवतीचा टाक.

दुसरेपणावर दिलेल्या मुलीच्या गळ्यात मेलेल्या पहिल्या बायकोची छोटी प्रतिमा बांधायची, म्हणजे तिचा कोप होत नाही, अशी समजूत होती. अकरा वर्षांच्या मुलीच्या दागिन्यांत एक जिन्नस दुसरीच्या मरणाचा होता आणि तो दोन्ही घरांनी शांतपणे यादीत लिहिला.

आज पुढे काम केलं नाही.

३ ऑगस्ट

आत्याकडे दुपारभर. रेकॉर्डर लावला, पण तो दिसला की ती सभेत बोलल्यासारखी बोलते, म्हणून बंद करून हातानेच लिहिलं.

तिला सरळ विचारायचं नाही असं ठरवून गेले होते. ‘दोन बायका होत्या का’ असं विचारलं की उत्तर घरातल्या ठरलेल्या गोष्टीकडे झुकतं. म्हणून पितृपक्षाबद्दल विचारलं. कोणाकोणाचं पान वाढायचं?

तिने भराभर तिथ्या सांगितल्या, मग थांबली. “आणि नवमीला सवाष्ण असायची. आजोबा होते तोवर.”

अविधवा नवमी. भाद्रपद वद्य नवमी. नवऱ्याआधी गेलेल्या बाईसाठी सवाष्ण जेवू घालतात. नवरा गेला की पुष्कळ घरांत ते थांबतं. पणजोबा १९४९ साली गेले, तेव्हा आत्या दहा वर्षांची.

हे पान पणजोबांच्या आईसाठी असू शकेल का, हा पहिला प्रश्न. नाही. १९०८च्या यादीवर ती ‘गं. भा.’ म्हणून सही करते. ती विधवा म्हणून जगली, तिला ही नवमी लागू नाही. पणजी स्वतः तर तेव्हा जिवंत होती, स्वयंपाक तीच करायची. मग सवाष्ण कोणाच्या नावाने?

“नाव नाही गं कोणी घ्यायचं. आजी म्हणायची, ‘ताईंचं पान आधी वाढा.’ मला वाटायचं तिची बहीण असेल.”

बराच वेळ आम्ही दोघी काही बोललो नाही. मग आत्याच म्हणाली, “माईआत्या म्हणून मामाकडे वाढली होय.”

१० ऑगस्ट

देवघर. चुलतकाकांच्या परवानगीने टाक एकेक करून हातात घेतले. पाच आहेत. चार चौकोनी, पाठीमागे लाख भरलेले, देवांचे. पाचवा नखाएवढा, पानाच्या आकाराचा. उभी बाई, दोन्ही हात खाली, कपाळावर ठिपका, चेहरा झिजून सपाट झालेला. बाकी चारांना नाही असं याला एक आहे : माथ्यावर कडी. कडीचा वरचा भाग दोऱ्याने घासून केसाएवढा बारीक उरला आहे.

देव्हाऱ्यात ठेवण्यासाठी केलेल्या टाकाला कडी लागत नाही. हा गळ्यात होता. १९०८ ते १९४९ धरलं तर एकेचाळीस वर्षं. नवरा गेल्यावर मंगळसूत्राबरोबर तोही उतरवला असणार आणि मग देवांत ठेवला.

काकांना वाटत होतं ती कुलदेवी आहे. रोज तिला हळदकुंकू वाहतात. मी म्हटलं, वाहत राहा.

फोटो काढले, वजन घेतलं नाही. काट्यावर टाकावासा वाटला नाही.

२४ ऑगस्ट

पुन्हा कोतवाल बुक, या वेळी मृत्यूची पानं, १९०५च्या पुढे. १९०७, ऑक्टोबर. तळाकडून तिसरी ओळ :

स्त्री. कोम, पुढे पणजोबांचं नाव. वय १८. कारण ताप.

तिचं स्वतःचं नाव या ओळीत नाही. तरीही ही तीच, कारण त्या गावात त्या नावाचा, त्या आडनावाचा दुसरा माणूस नव्हता. शेतसाऱ्याच्या पावत्या आज पहिल्यांदा कामाला आल्या.

आता सगळं एका ओळीत मांडता येतं. वय १८ धरलं तर तिचा जन्म १८८९च्या सुमाराचा. वैशाख १८९९मध्ये दहा वर्षांची असताना लग्न. त्याच वर्षी पावसाने दगा दिला आणि १८९९-१९००चा मोठा दुष्काळ आला. मांडव उतरून चार-पाच महिने होतात तोच तिने या घरात दुष्काळ पाहिला. सोळाव्या वर्षी मुलगी. अठराव्या वर्षी ताप. चार महिन्यांनी घरात यादी झाली. वर्षाच्या आत लग्न केलं नाही तर तीन वर्षं थांबावं लागतं असं लोक मानत, आणि घरात तान्ही मुलगी होती. घाई मला समजते. वंशावळ काढणाऱ्याने तिला सोडलं ते समजत नाही. त्याने पणजोबांच्या सगळ्या जमिनींचे गट क्रमांक लिहिले आहेत.

घंगाळाचा आकडा पहिल्यापासून बरोबर होता. जूनमध्ये मी कोरणाऱ्यावर शंका घेतली होती, ती नोंद खोडत नाही, पण इथे उत्तर लिहून ठेवते : शके १८२१च.

७ सप्टेंबर

नाशिकला तीर्थोपाध्यायांकडे जाऊन आले. गाव आणि आडनाव सांगितल्यावर गुरुजींनी यात्रेकरूंच्या वह्यांतून पाऊण तासात आमचं पान काढून दिलं. पणजोबांची सही १९११ची आहे, स्वच्छ मोडीत. खाली वडील, आजोबा, भाऊ. बायकांची नावं त्या पानावर नाहीत. १९०७ किंवा १९०८मध्ये ते अस्थी घेऊन रामकुंडावर आले असतील अशी आशा होती. तशी नोंद नाही.

१५ सप्टेंबर

आज अविधवा नवमी. मुद्दाम आजच वंशावळीची नवी प्रत काढायला बसले.

बदल असे. पणजोबांच्या नावाखाली दोन चौकटी. डावीकडे नदीचं नाव : विवाह वैशाख शके १८२१ (घंगाळ), मृत्यू ऑक्टोबर १९०७ (कोतवाल बुक), अपत्य माईआजी, जन्म १९०५. उजवीकडे फुलाचं नाव : विवाह १९ फेब्रुवारी १९०८ (यादी). माईआजीची रेघ उजव्या चौकटीतून काढून डाव्या चौकटीला जोडली. मुलींच्या चौकटींत सापडली तेवढी नावं भरली. प्रत्येक तारखेच्या बाजूला ती कोणत्या कागदावरून घेतली ते लिहिलं आणि डाव्या चौकटीतलं ‘कोम म्हणजे तीच’ हे अनुमान आहे असं पेन्सिलीने वेगळं नोंदवलं.

माईआजीच्या नातीला दुपारी फोन केला. तिला नदीचं नाव सांगितलं. ती म्हणाली, “थांब, परत सांग,” आणि लिहून घेतलं.

एक काम राहिलं आहे. नदीचं नाव घंगाळावर ‘सौ.’च्या पुढे आहे, म्हणजे ते लग्नात ठेवलेलं, सासरचं असू शकतं. दहा वर्षांची होईपर्यंत तिला घरी काय हाक मारत होते ते या रुमालात नाही, वहीत नाही, तांब्यावरही नाही. असलंच तर माईआजी जिथे वाढली त्या मामांच्या घरी असेल. नातीकडून गावाचं नाव मिळालं आहे. दिवाळीनंतर जायचं ठरवलं.

डाव्या चौकटीत ‘माहेरचं नाव’ एवढं लिहून पुढे चार अक्षरं मावतील इतकी जागा सोडली आहे.